पॉइंट दुसऱ्या बोटीला देताना

सर्व बोटमालक आणि तांडेल बांधवांनो, बुडालेल्या बार्जचा पॉइंट दुसऱ्या बोटीकडून घेतला, जीपीएसमध्ये सेव्ह केला, आणि तरी जाळे त्याच बार्जवर फाटले, असे आपल्याकडे झाले आहे. आकडे बरोबर होते, वाचले चुकीचे.

एका अंशाची ६० मिनिटे, एका मिनिटाचे ६० सेकंद. पण बहुतेक मशीनवर सेकंद दिसतच नाहीत, मिनिटापुढे टिंब असते. १५° २४.५०′ म्हणजे साडेचोवीस मिनिटे. कुणी ते २४ मिनिटे ५० सेकंद समजून टाकले तर होतात २४.८३३ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे पॉइंट ६०० मीटरहून जास्त उत्तरेला गेला! तेवढ्यात जाळे जायचे ते जाते.

सेकंद दिले असतील तर ६० ने भागा: ३० सेकंद म्हणजे .५० मिनिट. मोबाईलवर १५.४०८३ असे येते, तिथे टिंबापुढचा भाग ६० ने गुणा: ०.४०८३ × ६० = २४.५० मिनिटे. चारही आकडे घ्या. १५.४१ एवढेच घेतले तर १८५ मीटर चुकलात.

मशीनच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते, मग ते स्वतःच हिशेब करते. पण पॉइंट वहीतही लिहा, मशीन बिघडले की सगळे जाते.

चॅनेल १६ वर किंवा कोस्ट गार्डच्या १५५४ वर जागा सांगताना असे बोला: "पंधरा अंश, चोवीस पॉइंट पाच शून्य मिनिटे, उत्तर." नुसते "चोवीस पन्नास" सांगू नका.