नोकरी एक, फोन करणारे अनेक

फायनल इयर जवळ आलं की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "काय भो, किती कॉल आले?" कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांचं सगळं टीपीओ सर बघतात. पण ऑफ-कॅम्पस शोध सुरू करून नौकरी डॉट कॉमवर बायोडेटा टाकला, की वेगवेगळ्या कन्सल्टन्सीचे फोन सुरू होतात. प्रत्येक जण गोड बोलतो आणि प्रत्येकाला घाई असते. या सगळ्यांशी एकाच वेळी कसं वागायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. सीनियर्सना विचारून आणि थोडं वाचून मला जे समजलं ते इथे मांडते. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!)

पहिला प्रश्न : यांना पैसे कोण देतं?

कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी हा दर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका असतो. तुमचं पॅकेज ३,६०,००० असेल तर त्यांना साधारण ३०,००० रुपये मिळतात. तेही तुम्ही जॉइन झालात तरच! शिवाय ठरलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा ९० दिवसांत, तुम्ही सोडून गेलात तर त्यांना दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. हे गणित कळलं की "आजच हो सांगा" या घाईचा अर्थ लागतो. तो माणूस वाईट असतो असं नाही, पण तो कंपनीचं काम करत असतो. आपली बाजू आपल्यालाच बघायची आहे.

यातूनच दुसरा नियम निघतो. नोकरी लावून देतो म्हणून जो तुमच्याकडे रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगचे पैसे मागेल, त्याला नमस्कार करावा. बाजार समितीत फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची, असा निर्णय राज्यात २०१६ मध्ये झाला. इथेही आडत खरेदीदाराचीच! पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

एका कंपनीला एकच दार

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मी पहूरची. आमच्याकडे प्लॉटचा सौदा दलालामार्फत होतो. एकाच गिऱ्हाइकाला दोन दलालांनी तोच प्लॉट दाखवला, तर दलालीवरून दोघांत वाजते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, मला भांडण नको." बायोडेटाचंही अगदी तसंच होतं. आमच्या एका सीनियरचा बायोडेटा पुण्याच्या एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सींनी पाठवला. दुसऱ्या कन्सल्टन्सीने तर त्याला विचारलंही नव्हतं. फी कोणाला द्यायची हा वाद नको, म्हणून कंपनीने त्याचं नावच काढून टाकलं. त्याची टेस्ट चांगली गेली होती, घरी सांगूनही झालं होतं.

म्हणून फोनवर आधी कंपनीचं नाव विचारा. "नाव नंतर सांगतो" म्हणाले तर "मग बायोडेटाही नंतर पाठवा" असं हसून सांगावं. नाव कळलं की दोन ओळींची मेल करा : "या कंपनीच्या या पदासाठी माझा बायोडेटा पाठवायला माझी संमती आहे. दुसऱ्या कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी मला विचारावे." तारीख आपोआप पडते, पुढे तोच पुरावा.

सोबत एक वही ठेवा. तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, पुढे काय झालं, एवढे पाच कॉलम पुरेत. दुसऱ्या कन्सल्टन्सीकडून त्याच कंपनीसाठी फोन आला तर स्पष्ट सांगा, "तिथे माझं नाव आधीच गेलं आहे." तुमच्या नकळत दोनदा गेलंच, तर लपवू नका. आपण कोणाला परवानगी दिली होती, ते कंपनीच्या एचआरला मेल दाखवून कळवा.

दोन ऑफर आल्या तर?

"अजून कुठे चालू आहे का?" असं विचारलं तर खोटं बोलू नये. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. "आणखी एका ठिकाणी शेवटचा राउंड आहे, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," एवढं पुरतं. दोघांनाही हो म्हणून एकाला ऐनवेळी टांग मारली, तर त्याचा परिणाम मागून येणाऱ्या ज्युनियर्सवर होतो.

पण तोंडी "सिलेक्ट झालात" ऐकून बाकीची दारं बंदही करू नका. लेखी ऑफर येऊ द्या. लेखी ऑफरसुद्धा बदलू शकते. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांची ऑफर मिळालेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर याल का, असं विचारलं होतं. तेव्हा जॉइन होईपर्यंत वही चालू ठेवा. आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाच्याही हातात देऊन येऊ नका, झेरॉक्स द्या.

आपल्यासारख्या गावाकडच्या मुलांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. पहूरहून पुण्याला इंटरव्ह्यूला जायचं म्हणजे रात्रभर गाडीत, आणि भाडं कपाशीच्या पैशातून. म्हणून बॅग भरण्याआधी कंपनीचा पत्ता, वेळ आणि कोणाला भेटायचं, हे कंपनीच्या स्वतःच्या मेलवरून मागवून घ्या. खरी मुलाखत असेल तर ते पाठवतात.

फोन दहा येऊ देत, सगळ्यांशी गोड बोला. पण आपलं नाव कुठे आणि कोणामार्फत गेलंय, हे आपल्या वहीत असू द्या. सर्वांना पुढच्या सीझनसाठी ऑल द बेस्ट!