अरण्यांचा श्वास

हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरील वेधशाळेत चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड नियमितपणे मोजण्यास प्रारंभ केला.

त्याच्या आलेखात एक गंमत आढळली. हा वायू दरवर्षी मे महिन्यात सर्वाधिक असतो. सप्टेंबरअखेरपर्यंत तो हवेच्या दहा लाख भागांत सुमारे सहा भागांनी घटतो. असे का व्हावे? पृथ्वीवरील बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात आहे. तेथील अरण्यांना वसंतात पालवी फुटते आणि पाने अन्न तयार करण्यासाठी हा वायू शोषून घेतात. पुढे पाने गळतात, कुजतात व वायू हवेत परततो. जणू अरण्ये वर्षातून एकदा श्वास घेतात व सोडतात!

सगळाच वायू मात्र परतत नाही. काही लाकडात साठतो. वाळलेल्या लाकडात वजनाने सुमारे निम्मा कार्बन असतो. ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये १२ ग्रॅम कार्बन असतो. म्हणजे १ किलो लाकूड तयार होताना सुमारे १.८ किलो वायू हवेतून काढला जातो. अरण्य जाळले, की तो पुन्हा मोकळा होतो.

आता आलेख पुन्हा पाहा. १९५८ मध्ये दहा लाखांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू २०२४ मध्ये सुमारे ४२५ वर पोहोचला. तो उष्णता अडवून धरतो. त्यामुळे पृथ्वी तापते. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन आपण कोळसा व तेल जाळून हवेत सोडत आहोत. म्हणून अरण्ये राखलीच पाहिजेत. परंतु इंधनाचा वापर घटवल्यावाचून ती एकटी पुरी पडणार नाहीत.

१०० किलो वाळलेल्या ओंडक्याने हवेतील किती वायू घेतला असेल? गणित करून पाहा.