गोठवलेल्या ऊती आणि कोलकात्याची दुर्गा

कॅडेट मित्रांनो, घरी कोथिंबिरीची जुडी कधी चुकून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात राहिली असेल, तर बाहेर काढल्यावर तिचे काय होते ते तुम्ही पाहिले असेल. पाने काळपट, लिबलिबीत होतात. पुन्हा ताजी होत नाहीत. मग जिवंत ऊती गोठवून वर्षानुवर्षे टिकवता येतात असे शास्त्रज्ञ म्हणतात, ते कसे?

पेशीत बहुतांश पाणी असते आणि पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. पेशीला खरा धोका थंडीचा नसून या बर्फाचा असतो. फार वेगाने गोठवले तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात आणि पडदे फाडतात. फार सावकाश गोठवले तर बाहेर आधी बर्फ होतो, आतले पाणी बाहेर खेचले जाते आणि उरलेल्या खारट द्रावात पेशी सुकून मरते. मधला वेग साधावा लागतो. अनेक पेशींसाठी तो मिनिटाला सुमारे 1 अंश असतो. सोबत पेशीला सांभाळणारा एखादा द्रव घालतात. 1949 साली इंग्लंडमध्ये ग्लिसरॉलचा हा गुण लक्षात आला. गावाकडे जनावरांच्या दवाखान्यात वाफ सोडणारा नायट्रोजनचा कॅन असतो ना, त्यातल्या कृत्रिम रेतनाच्या मात्रा याच विद्येवर टिकतात, उणे 196 अंशांवर.

या विद्येतला एक मोठा टप्पा आपल्या बराकपूरपासून लोकलने तासाभराच्या आत गाठता येईल अशा शहरात घडला. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी शरीराबाहेर फलित केलेला आठ पेशींचा मानवी भ्रूण डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रवात गोठवला, 53 दिवस ठेवला आणि मग मातेच्या गर्भाशयात सोडला. गोठवण्याची बाजू जादवपूर विद्यापीठाचे सुनीत मुखर्जी सांभाळत होते. ते मूळचे अन्नतंत्रज्ञ, हे मला फार आवडते. 3 ऑक्टोबर 1978 रोजी मुलगी जन्मली. जग तिला दुर्गा या नावाने ओळखते. इंग्लंडमधले पहिले टेस्ट ट्यूब बाळ त्याच्या जेमतेम दहा आठवडे आधीचे, आणि तिथे भ्रूण गोठवलेला नव्हता. गोठवलेल्या भ्रूणापासून ऑस्ट्रेलियात बाळ जन्मले ते 1984 साली.

पण राज्य सरकारच्या समितीने डॉक्टरांचे म्हणणे मानले नाही. जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगीही मिळाली नाही. 1981 च्या जूनमध्ये त्यांनी जीवन संपवले. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला, तेव्हा भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिचेच नाव झाले. त्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजांसोबत डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. 1997 साली मुखोपाध्यायांची टिपणे त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांनी पहिलेपणाचा मान स्वतःहून कोलकात्याला दिला. प्रयोगवहीचा आळस करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता ऊतींकडे वळू. आठ पेशींचा भ्रूण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. द्रव आणि थंडी दोन्ही त्यात चटकन पोचतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जाड ऊतीत तसे होत नाही. बाहेरचा थर गोठतो तेव्हा आतला अजून कोमट असतो. द्रव आतपर्यंत पोचेतो बाहेरच्या पेशींना त्याचेच विष चढते. आणि वितळवताना उष्णता असमान पसरली तर ऊती काचेसारखी तडकते.

आपल्या क्षेत्रात हा प्रश्न भाजलेल्या जवानाचा आहे. जून 2024 मध्ये दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटल रिसर्च अँड रेफरलमध्ये त्वचापेढी सुरू झाली. देशातल्या त्वचापेढ्यांत मृत्यूनंतर दान केलेली त्वचा बहुधा 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये, 4 अंशांवर ठेवतात. ती पाच वर्षांपर्यंत टिकते. मात्र ती जिवंत नसते. जखम झाकते, जंतू आणि वेदना रोखते, पण कायमची रुजत नाही. याउलट, 2021 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली स्ट्रॅटाग्राफ्ट ही मानवी पेशींपासून वाढवलेली त्वचा जिवंत पेशींसह उणे 70 ते 90 अंशांवर साठवतात. ती पातळ आहे, म्हणून ते जमते.

जाड अवयवांसाठी वेगळी युक्ती चालू आहे. पुरेसा द्रव भरून इतक्या झपाट्याने थंड करायचे की बर्फाऐवजी काचेसारखा घन बनावा. वितळवताना रक्तवाहिन्यांत सोडलेले लोहाचे अतिसूक्ष्म कण बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवायचे, म्हणजे आतबाहेर एकदम ऊब मिळते. मिनेसोटा विद्यापीठात 2023 साली अशी शंभर दिवसांपर्यंत ठेवलेली मूत्रपिंडे पाच उंदरांना बसवली आणि ती कामाला लागली. माणसाचे मूत्रपिंड त्याहून शंभरपटींहून अधिक जड असते, आणि सध्या काम तिथेच अडले आहे.