पाच लाखांत क्रीडासाहित्याचं दुकान: मंडळांना परवडेल आणि तुम्हालाही पुरेल असं गणित

भोसरीत कबड्डीची मंडळं आणि कुस्तीच्या तालमी आहेत. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं हॉकीचं पॉलिग्रास मैदान आहे. चाकणच्या आसपासच्या गावांत यात्रांमधल्या स्पर्धा होतात आणि कंपन्यांतल्या कामगारांचे टेनिस बॉल क्रिकेटचे सामनेही रंगतात. या पट्ट्यात खेळणारे भरपूर आहेत, पण त्यांच्या मंडळांकडे पैसा कमी असतो. या मंडळांना साहित्य पुरवणारं छोटं दुकान काढायचं असेल, तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. चेंडू आणि बॅटच्या भावात ऑनलाइन कंपन्यांशी स्पर्धा करून तुम्ही टिकणार नाही. मापात बनवून दिलेलं लोखंडी साहित्य, दुरुस्ती आणि भाड्याने दिलेल्या मॅट यांवरच तुमचं दुकान उभं राहील आणि मंडळाचा खरा खर्चही तिथेच वाचेल.

सुरुवातीचं भांडवल

पाच लाखांचं एक नमुना अंदाजपत्रक मांडू. भाग आणि भावानुसार आकडे बदलतील, पण वाटणी साधारण अशी ठेवा:

- गाळ्याची अनामत (महिना १२,००० रुपये भाडं धरून तीन महिने): ३६,०००
- रॅक, काउंटर, पाटी, बिलिंगची सोय: ४४,०००
- रॅकेटला तार भरण्याचं गटिंग मशीन आणि दुरुस्तीची हत्यारं: ४०,०००
- विक्रीचा पहिला माल: २,००,०००
- जॉबवर्कवर बनवलेले नमुने: ४०,०००
- खेळतं भांडवल: १,४०,०००

शेवटची रक्कम दुसरीकडे वळवू नका. त्यातले १,०५,००० हे पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चाचे आहेत. उधारीसाठी म्हणून फक्त ३५,००० उरतात. त्याहून जास्त पैसे बाहेर अडकले, तर नव्या मालाला हाती काही राहणार नाही.

गाळा घेताना बांधकाम अधिकृत आहे ना, याची कागदपत्रं पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली अनधिकृत गोदामं आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. स्वस्त भाड्याच्या मोहात सगळा माल रस्त्यावर येऊ शकतो.

महिन्याचं गणित

भाडं १२,०००, एका मदतनिसाचा पगार १५,०००, वीज-फोन-हिशेबनीस मिळून ४,००० आणि टेम्पो ४,००० असा ३५,००० रुपये महिना खर्च धरा. तुमच्या घरखर्चाचे २०,००० मिळवले की ५५,००० होतात. विक्रीवर सरासरी २२ टक्के सुटत असतील, तर एवढ्यासाठी महिन्याला अडीच लाखांची विक्री लागते. तीन लाखांचं कर्ज १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे १०,००० बसतो आणि विक्रीचं लक्ष्य तीन लाखांच्या जवळ जातं. हा आकडा दर महिन्याला सारखा येणार नाही. शाळा जूनमध्ये उघडतात, शालेय स्पर्धांची लगबग पावसाळ्यापासून सुरू होते, क्रिकेटचे सामने दिवाळीनंतर जोर धरतात आणि शिबिरं उन्हाळ्यात भरतात. हंगाम सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी माल मागवा.

माल कुठून, किती

देशात क्रीडासाहित्याची दोन मोठी केंद्रं आहेत, मेरठ आणि जालंधर. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी या शहरांत हा धंदा वाढवला. बॅटसाठी मेरठ आणि फुटबॉलसाठी जालंधर पाहा. प्रत्येक वस्तूचे किमान तीन लेखी भाव मागवा, त्यात वाहतूक धरलेली आहे का ते विचारा आणि आधी नमुना मागवून मैदानावर वापरून बघा. सुरुवातीला बूट ठेवू नका, कारण सात-आठ मापांत पैसा अडकून पडतो. जर्सी फक्त ऑर्डरवर आणि अर्धी रक्कम आगाऊ घेऊनच छापा.

खरा फायदा आपल्या औद्योगिक पट्ट्यात आहे. फॅब्रिकेशन, लेथ आणि पावडर कोटिंगची जॉबवर्क करणारी माणसं इथे हाकेच्या अंतरावर आहेत. गोलपोस्ट, व्हॉलीबॉलचे पोल आणि जाळ्यांच्या चौकटी इथेच बनवून घ्या. वजनदार लोखंड परराज्यातून आणण्याचं भाडं वाचेल आणि मोडलेला सांधा त्याच आठवड्यात जोडून देता येईल.

माप मात्र नियमातलंच हवं. व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर उंचीवर असते. पोलवर दोन्ही खाचा द्या म्हणजे एकाच जोडीत काम भागेल. पूर्ण आकाराचा गोलपोस्ट ७.३२ बाय २.४४ मीटरचा असतो. तो जमिनीत घट्ट रोवण्याचे अँकर दिल्याशिवाय विकू नका, कारण सुटा गोलपोस्ट अंगावर पडून मुलांचे जीव गेलेले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवलं आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. यानंतर शाळांकडून खो-खोच्या खांबांची चौकशी आली, तर खांब जमिनीवर १.२० ते १.२५ मीटर उंच, गुळगुळीत आणि कुठेही धार नसलेला द्या.

मॅट विकण्यापेक्षा भाड्याने

कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. एक मीटर चौरसाच्या १३० मॅट लागतात, बाहेरची किनार वेगळी. एका मॅटचा भाव ७०० रुपये धरला, तर ९१,००० होतात. वर्षातून दोन स्पर्धा घेणाऱ्या मंडळाने एवढे पैसे गुंतवावेत, असं सांगणं बरोबर नाही. पहिल्या वर्षी थोडी बचत झाली की तुम्हीच एक संच घ्या आणि दिवसाला ४,००० रुपये भाड्याने द्या. २३ दिवसांत मूळ रक्कम सुटते. महिलांच्या १२ बाय ८ मीटरच्या मैदानाला यातल्याच ९६ मॅट पुरतात.

कागदपत्रं आणि कर

एकदोन कामगारांच्या दुकानाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. निव्वळ विक्रेत्याला या नोंदणीचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच होतो. पोल, जाळ्या, पिशव्या स्वतः बनवत असाल, तर उत्पादक म्हणून नोंदणी करा. मग ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं कायद्याचं संरक्षणही मिळतं.

निव्वळ वस्तूविक्री असेल आणि तिची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल, तर राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. राज्याबाहेर माल विकलात, तर मात्र ती घ्यावीच लागते. वरच्या गणिताने तुम्ही वर्षाला ३६ लाखांपर्यंत पोचता, शिवाय शाळा आणि कंपन्या पक्कं बिल मागतात, म्हणून नोंदणी सुरुवातीलाच करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. व्यायामशाळेच्या उपकरणांवर तो १८ टक्केच आहे. कोणती वस्तू कोणत्या गटात मोडते, हे हिशेबनिसाकडून लिहून घ्या.

मुद्रा योजनेत किशोर गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. उत्पादनाचा भाग मोठा असेल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमही तपासा. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे, त्यामुळे चाकणजवळ खेड तालुक्यातल्या गावात गाळा घेणं फायद्याचं ठरू शकतं.

उधारी आणि कंपन्यांचा पैसा

मंडळाला सरसकट नाही म्हणू नका, पण शिस्त ठेवा. अर्धे पैसे ऑर्डरच्या वेळी आणि उरलेले ३० दिवसांत घ्या. पावतीवर अध्यक्ष किंवा खजिनदाराची सही घ्या. जुनी बाकी फिटल्याशिवाय नवा माल देऊ नका.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार वर्षाला पाच कोटी किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात, आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. पिंपरी ते चाकण अशा कंपन्या भरपूर आहेत. पण मंडळ नोंदणीकृत न्यास किंवा संस्था असावं लागतं. आयकराच्या १२ए व ८०जी आणि सीएसआरसाठीची सीएसआर-१ ही नोंदणीही लागते. मंडळाला या कागदांची यादी आणि साहित्याचं नीट मांडलेलं कोटेशन मोफत करून द्या. मदत मिळाली तर ऑर्डर तुमच्याकडे येण्याची शक्यता वाढेल. नाही मिळाली, तरी मंडळाच्या हातात पुढच्या वर्षीचा अर्ज तयार असेल.

पहिल्या तीन महिन्यांत दुकानाच्या पाच किलोमीटर परिसरातल्या वीस मंडळांची आणि शाळांची वही करा. कोणता खेळ, किती मुलं, काय तुटलेलं, स्पर्धा कधी, हे सगळं त्यात लिहा. काय दुरुस्त होईल ते आधी सांगा, नवं काय लागेल ते नंतर. तुमच्या सल्ल्यामुळे मंडळाचे पैसे वाचले, की पुढच्या हंगामाची ऑर्डर घेऊन तेच तुमच्याकडे येईल.