लेंकरांच्या बागेंत मद्य विकावें काय?

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, रोमकरांस पत्र १४:१३-२१, १ करिंथकरांस पत्र १०:२३-२४.

पाठाचा हेतु : जें करण्याची आपणांस मोकळीक आहे तें प्रत्येक ठिकाणीं करणें योग्य आहे काय, ह्याचा विचार करावयास शिकणें.

मद्यपानाविषयीं आपल्या मंडळ्यांत जो उपदेश होतो तो बहुतकरून गुत्त्याविषयीं असतो. गुत्ता कोठें आहे हें सर्वांस ठाऊक असतें, आणि लेंकरांस घेऊन तेथें कोणी शहाणा मनुष्य जात नाहीं. परंतु ज्या ठिकाणीं आईबाप लेंकरांचा हात धरून केवळ त्यांच्या आनंदासाठीं जातात, तेथेंच मोठ्या माणसांसाठीं मद्याचा पेला मांडून ठेविला तर तें बरें कीं वाईट? अमेरिका, फ्रान्स व जपान ह्या देशांतील करमणुकीच्या मोठमोठ्या उद्यानांत हा प्रश्न खरोखर उत्पन्न झाला आहे, आणि त्याचें उत्तर तेथें वेळोवेळीं बदललेंहि आहे. शहरांत नोकरीस गेलेले आपले मुलगे व मुली अशा उद्यानांच्या गोष्टी गांवीं येऊन सांगतात. ह्यास्तव हा प्रश्न दूरचा समजूं नये.

१. हें कसें घडत आलें

वॉल्ट डिस्ने हा अमेरिकेंतील चित्रपट काढणारा प्रसिद्ध गृहस्थ होता. त्याला दोन मुली होत्या. सुटीच्या दिवशीं तो त्यांस लॉस अँजेलिस शहरांतील ग्रिफिथ पार्क नांवाच्या बागेंत नेई. मुली लांकडी घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि बाप बाकावर बसून वाट पाही. आईबाप व लेंकरें ह्या उभयतांस एकत्र आनंद करितां येईल असें एखादें ठिकाण असावें, हा विचार आपल्या मनांत तेथें आला असें तो पुढें सांगत असे. १९५१ सालीं त्यानें डेन्मार्क देशांतील कोपनहेगन येथील टिव्होली नांवाची बाग पाहिली. ही बाग १८४३ सालीं उघडलेली असून तिची स्वच्छता व टापटीप त्यास फार आवडली. पुढें ता. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्निया प्रांतांत ॲनाहाइम येथें त्यानें डिस्नेलँड उघडलें, आणि आंत येणाऱ्या लोकांस दारू विकावयाची नाहीं असा नियम ठेविला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. टिव्होलींत मोठ्या माणसांस बिअर व द्राक्षारस मिळतो. डिस्ने हाहि मद्यास न शिवणारा नव्हता. सायंकाळीं घरीं तो व्हिस्की घेत असे. म्हणजे हा नियम त्यानें धर्माज्ञा म्हणून केला नव्हता. दारूबरोबर दंगा करणारे लोक येतात आणि आपल्या बागेस तिची गरज नाहीं, असें त्याचें व्यवहारी मत होतें. जो स्वतः पीत होता त्यासहि लेंकरांच्या बागेंत दारू नकोशी वाटली, हें विचार करण्याजोगें आहे.

त्याच देशांत ह्याच्या उलट उदाहरणहि आहे. फ्लॉरिडा प्रांतांतील टँपा येथें बिअर करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनें १९५९ सालीं आपल्या कारखान्यापाशींच बुश गार्डन्स नांवाची बाग केली, आणि कित्येक वर्षें तेथें येणाऱ्या प्रौढांस बिअर फुकट देण्यांत येत असे. बिअर करणारानें बाग कां लावावी, हें समजण्यास फार विद्वत्ता नको.

डिस्ने १९६६ सालीं मरण पावला. १९६७ सालीं डिस्नेलँडांत केवळ सभासदांसाठीं एक भोजनगृह निघालें, त्यांत मद्य मिळूं लागलें. परंतु सर्वसाधारण लोकांसाठीं नियम तसाच राहिला. १९८२ सालीं फ्लॉरिडांत त्याच कंपनीनें एपकॉट नांवाचें दुसरें उद्यान उघडलें, त्यांत आरंभापासूनच मद्य होतें. १९९२ सालीं पॅरिस शहराजवळ युरो डिस्ने उघडलें, तेव्हां तेथें मद्यास बंदी होती. फ्रेंच लोकांस जेवणाबरोबर द्राक्षारस घेण्याची पिढ्यान् पिढ्यांची संवय. त्यांस हा नियम परकीयांचा हेका वाटला. पुष्कळ टीका झाली, आणि पुढच्याच वर्षीं, १९९३ सालीं, कंपनीनें नियम सोडला. फ्लॉरिडांतील मॅजिक किंगडम नांवाच्या, विशेषेंकरून लहान मुलांच्या उद्यानांत २०१२ सालीं एका भोजनगृहांत सायंकाळच्या जेवणाबरोबर बिअर व द्राक्षारस मिळूं लागला. २०१६ सालीं आणखी चार भोजनगृहांत, आणि २०१८ सालापर्यंत मेजावर वाढणाऱ्या सर्व भोजनगृहांत. मूळच्या डिस्नेलँडांत २०१९ सालीं सर्व प्रौढांसाठीं एक पानगृह उघडलें. २०२० सालीं टोकियो येथील डिस्नेलँडांतहि कांहीं भोजनगृहांत मद्य देण्यास आरंभ झाला.

दार एकदम उघडत नाहीं. प्रथम एक भोजनगृह, मग चार, मग सर्व, अशी ही वाट आहे. ही वाट चांगली कीं वाईट हें आतां पाहूं.

२. मद्य असावें असें म्हणणारांची बाजू

विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकून न घेतां निकाल देणें हें न्यायाचें नव्हे. म्हणून प्रथम त्यांच्या तोंडून बोलूं.

ते म्हणतात, प्रौढ मनुष्य स्वतःचा मुखत्यार आहे. अमेरिकेंत एकवीस वर्षांखालील मनुष्यास मद्य विकत घेतां येत नाहीं. मग मुलांस धोका कोणता? दुसरें असें कीं, जेवणाबरोबर एक पेला घेणें म्हणजे झिंगणें नव्हे. फ्रान्स व इटली ह्या देशांत देवभीरु कुटुंबेंहि तसें करितात. तिसरें, टिव्होलींत मद्य असूनहि ती बाग १८० वर्षांहून अधिक काळ कुटुंबांची बाग म्हणून टिकली आहे. चवथें, आंत बंदी केली तर पिणारे बाहेरून पिऊन येतात; त्यापेक्षां उघडपणें, मोजून, देखरेखीखालीं विकलेलें बरें. शेवटीं कित्येक ख्रिस्ती जन असेंहि म्हणतात कीं, काना गांवच्या लग्नांत आपल्या प्रभूनें द्राक्षारस पुरविला, आणि पौलानें तीमथ्यास पोटाच्या विकारासाठीं थोडा घेण्यास सांगितलें. मग जें त्यांनीं निषिद्ध म्हटलें नाहीं तें आपण निषिद्ध कां म्हणावें?

ह्यांतील शेवटचा मुद्दा आम्ही हलका मानीत नाहीं. द्राक्षारसाचा प्रत्येक घोट पाप आहे असें पवित्र शास्त्र म्हणत नाहीं, आणि शास्त्र म्हणत नाहीं तें उपदेशकानें शास्त्राच्या तोंडीं घालूं नये. फ्रान्सांतील जो बंधु जेवणाबरोबर एक पेला घेतो त्याचा न्याय करण्यास आपण कोण?

३. मद्य नसावें असें म्हणणारांची बाजू

परंतु प्रश्न हा नव्हे कीं प्रौढानें कधीं प्यावें काय. प्रश्न हा आहे कीं लेंकरांसाठीं बांधलेल्या ठिकाणीं तें विकावें काय. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि जो ते एक करितो तो स्वतःस फसवितो.

पहिली गोष्ट. अशा बागेंत बापाचें काम विसाव्याचें नसून राखणीचें असतें. तेथें हजारों लोकांची दाटी असते. पाण्याचे तलाव असतात, वेगानें धांवणाऱ्या गाड्या असतात, आणि चार वर्षांचें लेंकरूं हात सोडून क्षणांत दिसेनासें होतें. मद्याचा पहिला परिणाम पाय लटपटण्याचा नव्हे. त्याआधीं सावधपणा व विवेक मंद होतो, आणि तसें झालें आहे हें पिणाऱ्यास कळत नाहीं. सायंकाळीं त्याच बापास मोटार हांकून कुटुंब घरीं न्यावयाचें असतें. आपल्या देशाच्या कायद्यानें १०० मिलिलीटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां मोटार चालविणें गुन्हा आहे. कायद्यास जें प्रमाण धोक्याचें वाटतें तें आईच्या मांडीवर निजलेल्या लेंकरासहि धोक्याचेंच.

दुसरी गोष्ट. ज्यास मद्याचें व्यसन होतें व ज्यानें तें कष्टानें सोडलें आहे, त्यानें कोठें जावें? गुत्त्याचा रस्ता तो टाळूं शकतो. परंतु लेंकरांस आनंदाच्या ठिकाणीं नेणें त्यानें कसें टाळावें? जेथें निर्भयपणें जावें असें एक तरी ठिकाण त्याच्यासाठीं राखून ठेवणें हें शेजाऱ्याचें कर्तव्य नव्हे काय?

तिसरी गोष्ट. मद्य हें शेवटीं जेवणाचा सोबती राहत नाहीं. तेंच करमणूक होऊं पाहतें. एपकॉट उद्यानांत अकरा देशांच्या नांवांचे मंडप आहेत, त्या त्या देशाचें शिल्प व पदार्थ लोकांनीं पाहावेत म्हणून. परंतु प्रत्येक मंडपांत एकेक पेला घेत सर्व फेरी पुरी करावयाची, असा खेळच कित्येक प्रौढांनीं तेथें करून टाकला आहे. टिव्होलीचें उदाहरण खरें असेल, पण एपकॉटचेंहि खरें आहे. आणि आपल्या हातून कोणतें घडेल हें आधीं कोणास सांगतां येतें?

चवथी गोष्ट. लेंकरें कानांनीं थोडें व डोळ्यांनीं फार शिकतात. वर्षाच्या सर्वांत सुखाच्या दिवशीं बापाच्या हातांत पेला पाहिला, तर सुख व पेला हीं दोन त्यांच्या मनांत एके ठिकाणीं बांधलीं जातात. आणि वैद्यक काय सांगतें? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, आरोग्यास निर्धोक असें मद्याचें कोणतेंच प्रमाण नाहीं. आणि मद्य हें कर्करोगाचें एक सिद्ध कारण मानलें गेलें आहे.

४. शास्त्राचा प्रकाश

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत एक लहानशी आज्ञा आहे. जो नवें घर बांधील त्यानें धाब्यास कठडा करावा, नाहींतर कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. आपल्यांतील ज्यांचीं घरें धाब्याचीं आहेत व जे उन्हाळ्यांत धाब्यावर निजतात त्यांस हिचा अर्थ सांगावयास नको.

ही आज्ञा काय म्हणत नाहीं तें पाहा. धाब्यावर चढूं नका असें ती म्हणत नाहीं. मोठ्या माणसांनीं आपापलें पाहावें, पडेल तो स्वतः जबाबदार, असेंहि म्हणत नाहीं. जो बांधतो त्याच्यावर ती भार घालते. पाहुणा सावध असो वा नसो, कठडा घराच्या धन्यानें करावयाचा आहे. डिस्नेलँडचा १९५५ सालचा नियम हा असाच एक कठडा होता. तो लेंकरांकरितां होता, आणि ज्यांचा तोल जाऊं शकेल अशा मोठ्यांकरितांहि होता.

रोमकरांस लिहितांना पौल आपली मोकळीक नाकारीत नाहीं. ती आहे असें तो म्हणतो, आणि मग भावाला अडखळण होऊं नये म्हणून ती आपण होऊन बाजूस ठेवितो. करिंथकरांसहि तो हेंच शिकवितो: करावयास मोकळीक असणें एक, आणि त्यानें दुसऱ्याची उन्नति होणें एक. जो प्रौढ एक दिवस, आठ तास, लेंकरासाठीं पेला दूर ठेवूं शकत नाहीं, त्यानें आपल्या मोकळिकीचें नांव बदलावें. ती मोकळीक राहिलेली नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, लेंकरांसाठीं बांधलेल्या बागेंत मद्य विकूं नये. ज्या देशांत रूढीमुळें तें विकलें जातें तेथें तें निदान जेवणाच्या मेजापुरतें असावें. हातांत पेला घेऊन लेंकरांमधून हिंडण्याची मोकळीक नसावी. ह्यांत आम्ही कोणास पापी म्हणत नाहीं. कठडा बांधा एवढेंच म्हणतों.

५. आपल्या गांवची बाग

आपल्या गांवीं डिस्नेलँड नाहीं. परंतु जत्रा आहे. लेंकरें वर्षभर जिची वाट पाहतात ती बाग तीच.

आम्ही एकदां एका जत्रेंत आकाशपाळण्याजवळ सहा-सात वर्षांचा एक मुलगा बसलेला पाहिला. त्याच्या मांडीवर बापाचा फेटा होता व मुठींत पाळण्याचे पैसे होते. बाप मागें बाभळीखालीं निजला होता. आम्ही विचारलें, "बाळा, पाळण्यांत कां बसत नाहींस?" तो म्हणाला, "मी वर गेलों तर दादांजवळ कोण बसणार?" त्या बापानें कित्येक दिवसांच्या मजुरींतून ते पैसे मुलाच्या हौसेसाठींच राखले होते, तो दुष्ट नव्हता. पाळण्यापासून वीस पावलांवर हातभट्टीची दारू मिळत होती, एवढेंच. त्या दिवशीं बापानें मुलाची राखण करावयाची, ती मुलानें बापाची केली. ज्यांनीं ती दारू पाळण्याजवळ विकूं दिली त्यांवर दोष नाहीं काय?

बंधुभगिनींनो, हा कठडा बांधण्याचें साधन आपल्या हातीं आहे. परवान्याचें दुकान बंद करण्यासाठीं गांवांतील स्त्रियांस मत देण्याचा हक्क महाराष्ट्रांत कायद्यानें मिळाला आहे, आणि 'आडवी बाटली' करून कित्येक गांवच्या मातांनीं तो बजावला आहे. जेथें विक्री बेकायदा आहे तेथें जत्रेपूर्वीं ग्रामपंचायतीस व पोलीस पाटलास सांगणें हें प्रत्येकाचें काम आहे. हें काम केवळ ख्रिस्ती मंडळीचें नव्हे. शेजारच्या आळींतील आयांचेंहि तेंच दुःख आहे, म्हणून त्यांस बरोबर घ्यावें. आणि आपल्या घरचें लग्न, बारसें, नाताळची मेजवानी हीं तर सर्वस्वी आपल्याच स्वाधीन आहेत. तेथें कठडा नसेल तर दुसऱ्याच्या धाब्याकडे बोट दाखवूं नये.

उपदेशकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. डिस्नेलँडांत १९५५ सालीं दारू कां ठेविली नाहीं? तो नियम करणारा स्वतः पीत असे, ह्यावरून काय शिकावें?
२. फ्रान्सांतील लोकांस तो नियम कां रुचला नाहीं? त्यांचें म्हणणें किती खरें होतें?
३. धाब्याचा कठडा कोणीं बांधावयाचा, पाहुण्यानें कीं धन्यानें?
४. मोकळीक असणें आणि ती वापरणें ह्यांत भेद काय? आपल्या घरांतील एक उदाहरण सांगा.
५. पुढील जत्रेपूर्वीं आपल्या गांवीं कोणता कठडा बांधतां येईल? कोणी, केव्हां व कोणास बरोबर घेऊन?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर लिहून ठेवावें, आणि जत्रा झाल्यावर तें पुन्हां मंडळीपुढें वाचावें.