जेट पंप किती हॉर्सपॉवरचा घ्यावा?

रंगखाना, सायझिंग, लॉन्ड्री, कातडी धुण्याचा कारखाना, ज्यांचे काम पाण्यावाचून अडते अशा आपल्या बांधवांना पंप घ्यावाच लागतो. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती हॉर्सपॉवरचा देऊ?" आणि उत्तर बहुधा शेजाऱ्याकडे पाहून दिले जाते. त्याच्याकडे एकचा आहे, मग आपण दोनचा घेऊ! आम्ही कापडाचे व्यापारी. सूत रंगवून घेण्यासाठी रंगखान्यांत आमची नेहमी ये-जा असते. चुकीच्या मापाच्या पंपामुळे माल उशिरा निघतो, विजेचे बिल वाढते आणि ऐन उन्हाळ्यात मोटर जळते, हे तेथे पाहावयास मिळते. म्हणून हा हिशोब बांधवांसमोर मांडत आहोत.

प्रथम जेट पंप म्हणजे काय ते समजून घ्यावे. वर बसवलेला साधा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रकिनारी हा दाब जास्तीत जास्त सुमारे 10.3 मीटर, म्हणजे 34 फूट पाणी चढवू शकतो. मालेगावसारख्या 400 मीटरहून उंच गावी त्यातही अर्धा मीटर कमी. पाइपातील घर्षण आणि सांध्यांतील गळती धरता प्रत्यक्षात 22 ते 25 फुटांवर हिशोब थांबतो. पंप कितीही मोठा आणा, या मर्यादेत फरक पडत नाही. पाणी याहून खोल असेल तेव्हा जेट लागतो. वरचा पंप आपलेच थोडे पाणी बारीक पाइपातून खाली पाठवतो, ते नोझलमधून जोराने सुटते, विहिरीचे पाणी सोबत घेते आणि दोन्ही मिळून जाड पाइपाने वर येतात. विहिरीत फिरणारा भाग एकही नाही, हा याचा मोठा फायदा. तोटा असा की उचललेल्या पाण्यातील काही हिस्सा पुन्हा खाली जातो. जेट जितका खोल, तितका हा हिस्सा मोठा. शंभर फुटांच्या आसपास तर हाती थोडेच पाणी लागते.

समुद्रकिनारी उभे राहून चालवायची जी वॉटर स्कूटर असते तिलाही जेट पंपच असतो, पण तो पाणी मागे फेकून गाडी पुढे ढकलतो. तेथेही शौकीन लोक गाडीत फेरफार करून मोठा पंप बसवतात आणि इंजिन लहान असेल तर ते आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. ताकद आणि पंप यांचा मेळ बसला पाहिजे, हा नियम पाण्यावर आणि विहिरीत सारखाच.

आता माप. सुरुवात हॉर्सपॉवरपासून नव्हे, गरजेपासून करावी. समजा, रोज 100 किलो सुताच्या लडी रंगवायच्या आहेत. हाताने रंगवताना किलोमागे सुमारे 20 लिटर पाणी धरतात, म्हणजे एका भरणीला 2,000 लिटर. रंगाची एक भरणी आणि धुलाईच्या दोन, एकूण 6,000 लिटर. साबणाची धुलाई असेल तर आणखी वाढवावे. हे पाणी तीन तासांत टाकीत पडावे असे वाटत असेल तर ताशी 2,000 लिटर पुरे.

पण विहीर तेवढे देते का? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. काळ्या दगडाच्या आपल्या मुलुखात विहिरीचे झरे उन्हाळ्यात आटतात, म्हणून तपासणी मे महिन्यातच करावी. विहिरीचे पाणी बरेच उपसून पंप बंद करावा आणि एका तासात पाणी किती चढले ते दोरीने मोजावे. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 2,200 लिटर. तासाला फूटभर चढत असेल तर वरील गरज कशीबशी भागते. सहा इंचच चढत असेल तर दोन हॉर्सपॉवरचा पंप तुम्हाला जास्त पाणी देणार नाही. तो विहीर लवकर रिकामी करील, हवा ओढील आणि सुका चालून सील जाळील. अशा वेळी लहान पंप जास्त तास चालवावा आणि टाकी मोठी बांधावी.

उंची मोजताना सकाळची स्थिर पातळी धरू नये, पंप चालू असताना पाणी जेथे टिकते ती धरावी. आमच्या उदाहरणात ती पंपाच्या 50 फूट खाली, म्हणजे 15 मीटर. टाकी पंपाच्या वर 30 फूट, म्हणजे 9 मीटर. पाइपाच्या घर्षणाचे 3 मीटर धरले की एकूण 27 मीटर. ताशी 2,000 लिटर म्हणजे सेकंदाला 0.556 लिटर. याला 27 ने गुणून 75 ने भागले की 0.2 हॉर्सपॉवर येतात. एवढीच शुद्ध ताकद पाण्याला हवी! पण खोल विहिरीच्या जेट पंपात पाचातील एखादाच भाग कामी येतो असे धरावे, म्हणजे एक हॉर्सपॉवर. दोनचा पंप येथे फक्त बिल वाढवतो.

दुसरी गफलत पाइपात होते. सव्वा इंचाच्या जागी एक इंची पाइप टाकला की तेवढ्याच पाण्याला घर्षण तिपटीने वाढते. पैसे वाचले असे वाटते, पण ते दरमहा विजेत जातात. तसेच जुना जेट विहिरीत ठेवून वर फक्त मोठी मोटर बसवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की नोझलचे भोक तेच राहते, पाणी दुप्पट येत नाही. पंप बदलला की कंपनीच्या तक्त्यात आपल्या खोलीपुढे दिलेला जेटही बदलावा.

विजेचा दाबही पाहावा. 230 च्या ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर मोटरीचे बळ सुमारे साठ टक्क्यांवर येते आणि ती तापते. ज्या वस्तीत दुपारी दिवे मंद होतात तेथे पंप पहाटे चालवणे बरे.

आज सबमर्सिबल पंप सर्वत्र मिळतो आणि तेच पाणी कमी विजेत देतो. चार इंचांहून रुंद बोअर, स्वच्छ पाणी आणि खोली जास्त असेल तर आम्हीही तोच घ्यावा असे म्हणू. मात्र बोअर अरुंद असेल, वाळू येत असेल किंवा दुरुस्तीसाठी दर वेळी पंप वर काढणे परवडत नसेल तर जेट पंपच सोयीचा.

खरेदी करताना पावतीवर हॉर्सपॉवरसोबत, आपल्या खोलीला ताशी किती लिटर मिळतील तो आकडा दुकानदाराकडून लिहून घ्यावा. पंप बसवल्यावर टाकीच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरून घड्याळ पाहावे. ताशी 2,000 लिटरला ती 36 सेकंदांत भरली पाहिजे. वेळ जास्त लागला तर आधी फुटव्हॉल्व्ह आणि सांधे तपासावेत, नोझलमध्ये गाळ अडकला आहे का ते पाहावे. पंप बदलण्याची गोष्ट त्यानंतर.