न भरणारी जखम आणि पेशींचे चक्र

जेवताना कधी गाल दाताखाली येतो. थोडे रक्त निघते, दोन-तीन दिवस तिखट झोंबते आणि आठवड्याभरात जखम कुठे होती तेही आठवत नाही. ती भरली कोणी? आपल्या पेशींनी.

आपले शरीर अंदाजे ३० लाख कोटी पेशींचे बनले आहे. नवी पेशी बाहेरून येत नाही. असलेल्या पेशीचेच दोन भाग होऊन ती तयार होते. एका पेशीच्या दोन होईपर्यंतच्या या प्रवासाला पेशीचक्र म्हणतात.

त्याचे चार टप्पे आहेत. पहिल्यात पेशी आकाराने वाढते. दुसऱ्यात ती आपल्या डीएनएची नक्कल करते. पेशीने काय काम करायचे याची सगळी माहिती डीएनएमध्ये असते आणि तो ४६ गुणसूत्रांत गुंडाळलेला असतो. तिसऱ्यात नक्कल बरोबर उतरली का हे तपासले जाते. चौथ्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती दोन टोकांना जातात, पेशी मधोमध चिमटली जाते आणि एकीच्या दोन होतात. भराभर वाढणाऱ्या पेशीला या सगळ्याला साधारण २४ तास लागतात. प्रत्यक्ष विभागणी फक्त तासाभराची, बाकी सारी तयारी.

या वाटेवर तपासणी नाकी असतात. डीएनए बिघडलेला दिसला की पी-५३ नावाचे प्रथिन चक्र थांबवते. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे जाते, नाही झाली तर तिला मरावे लागते. पेशीचक्र चालवणारी ही यंत्रणा शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तीन शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

आता तंबाखू, मिश्री, गुटखा यांचा विचार करू. गालात धरलेल्या तंबाखूतील विषारी द्रव्ये तिथल्या पेशींच्या डीएनएवर रोज घाव घालतात. वर्षानुवर्षे असे घडले की एखाद्या पेशीतली तपासणी नाकीच मोडतात. मग ती थांबत नाही, मरतही नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. हाच कर्करोग. ही कुणाची करणी नाही, नजर नाही, मागच्या जन्माचे पाप तर नाहीच. एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला होत नाही. म्हणून रोग्याचे ताट-तांब्या वेगळे ठेवू नका.

'औषधाने केस गेले, म्हणजे औषध वाईट,' असेही आम्ही ऐकतो. केमोथेरपीची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या अस्तरातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून त्यांनाही झळ बसते. दोन डोसांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवतात ते या चांगल्या पेशी सावराव्यात म्हणूनच. उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, पण उपचार अर्धवट सोडू नका.

तोंडाच्या आतले अस्तर लवकर नवे होते. म्हणून दोन आठवड्यांत न भरलेली जखम साधी समजू नये. महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन ओठ, गाल, हिरड्या आणि जिभेखालची जागा पाहा. न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल तर हळद-ग्लिसरीन लावत बसू नका. दुखत नाही म्हणूनही थांबू नका, कारण सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

आणि तंबाखूची पुडी आजच बाजूला ठेवा. घाव थांबले की धोका हळूहळू कमी होत जातो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत.